तीन ताऱ्यांचा हत्ती

पार्सिपनी, न्यू जर्सी
१२ सप्टेंबर १९८७

ती. दिगूदादा,

शरयूचा नमस्कार. तू रागावला आहेस हे ठाऊक आहे, म्हणून "पत्र का नाही" असं विचारत नाही. जूनमध्ये मी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली, तुला कळवलं, आणि तेव्हापासून नोव्हायहून एक चिटोरं नाही. लतावहिनी फोनवर म्हणाली, "ते फार बिझी आहेत गं." तू बिझी असलास की कसा दिसतोस आणि रुसलास की कसा दिसतोस, हे तुझ्या बायकोला आणि तुझ्या आतेबहिणीला वेगळं शिकवावं लागत नाही.

एकनाथमामांना तू निघताना वचन दिलंस की पासपोर्ट बदलणार नाही, हे मला पाठ आहे. मी तसं कुणाला दिलं नव्हतं. तरी शपथ घेताना मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याआधीचा प्रकार तर तुला सांगितलाच नाही. अर्जासाठी बोटांचे ठसे लागतात. त्यासाठी पोलीस चौकीत गेले. एका धिप्पाड हवालदाराने माझी दहाही बोटं काळ्या शाईत लोळवून कागदावर उमटवली. आपल्याकडे मत दिल्यावर एका बोटाला शाई लावतात, इथे मत मिळायच्या आधीच दहांना. ती शाई तीन दिवस गेली नाही. कणीक मळली तर कणकेवर ठसे. आमचा विनय, बायकोचं कौतुक करायचं सोडून, पोळी खाताना म्हणाला, "ही पोळी कुणाची आहे ते आता कोर्टात सिद्ध होईल."

पण हे सगळं मी कशासाठी केलं ते ऐक. आमच्या घरामागची पाणथळ जागा तू पाहिली आहेस. मागच्या वेळी तू तिला डबकं म्हणालास. तिथे एका बिल्डरला ऑफिसांच्या इमारती आणि बाराशे मोटारींचं पार्किंग करायचं आहे. ती गावाने विकत घ्यावी आणि आहे तशी राखावी का, असा प्रश्न तीन नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आला आहे. प्रश्न क्रमांक दोन. आमचं "फ्रेंड्स ऑफ द मेडो" नावाचं मंडळ त्यासाठी झटतंय आणि मी त्याची सेक्रेटरी आहे. आम्ही गावच्या कौन्सिलच्या उमेदवारांना अकरा प्रश्नांची प्रश्नावली पाठवली. उत्तरं तपासायची, गुण द्यायचे, आणि ज्याला जास्त त्याची शिफारस छापील कार्डावर करायची. ते कार्ड घरोघर जातं. डेमोक्रॅट रोझ डॅनेलीबाईंनी अकराही उत्तरं टाइप करून पाठवली. रिपब्लिकन वॉल्टर ह्यूस, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, त्यांनी प्रश्नावलीच परत केली नाही. तेव्हा कार्डावर रोझबाई आणि "प्रश्न दोनला होय".

ही जागा गेली तर ती परत कुणाला करता येणार नाही, दादा. सकाळी चहा घेताना मला तिथे बगळा दिसतो. या देशात मला रोज ओळख देणारा तो पहिला. त्याच्यासाठी मी पासपोर्ट बदलला असं म्हटलंस तरी मी नाही म्हणणार नाही.

तुझी,
शरू

नोव्हाय, मिशिगन
१९ सप्टेंबर १९८७

चि. शरूस,

अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या बगळ्यासही.

मी रुसलो नव्हतो. कामात होतो. नव्या मॉडेलचा गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरला रडतो आणि माझ्याशिवाय त्याची समजूत कुणी काढत नाही. पण तू विचारतेच आहेस तर सांगतो: कळवलंस तेव्हा वाईट वाटलं. आपण सगळे पाच वर्षांत परत जाणार होतो. अठरा झाली. तू शपथ घेतलीस म्हणजे आपल्यापैकी एकाने मोठ्याने कबूल केलं. माझी तेवढी छाती नाही.

बाकी तुझ्या मंडळाबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. तुझ्यासारख्या पक्षीप्रेमी मंडळींमुळे माझ्या इंजिनाच्या शेपटीला धूर गाळायच्या सतरा नळ्या जोडाव्या लागतात. शिवाय बाराशे मोटारींचं पार्किंग हे वाक्य वाचून तुला ज्या जागी कळ आली, त्या जागी मला गुदगुल्या झाल्या.

एक फुकटचा सल्ला. आपल्या लोकांना फोन करून मतं मोजत असशील तर सांभाळून. मराठी माणूस समोरच्याला "नाही" म्हणत नाही, "बघू" म्हणतो. तुझ्या गोऱ्या मैत्रिणी तो होकार धरतील. "बघू"चे गुण शून्य धर.

तुझ्या लेकीला, दीपाला सांग, मामाला मराठीत दोन ओळी लिही.

तुझा,
दिगू

पार्सिपनी
१ ऑक्टोबर १९८७

ती. दिगूदादा,

बसून वाच. हातात चहा असेल तर आधी खाली ठेव.

शनिवारी आमच्याकडे भोंडला होता. मराठी मंडळातल्या पस्तीस बायका-मुली आल्या, अंगण भरलं. पाटावर हत्ती काढायला कुणाला येईना. सुलभाने काढला तो डुकरासारखा झाला, पद्मजाचा घागरीसारखा. मग मी दीपाला म्हटलं, "तू ड्रॉइंगमध्ये ए मिळवतेस ना, काढ एक हत्ती." ती वर गेली आणि अर्ध्या तासात पुठ्ठ्यावर असा सुरेख हत्ती घेऊन आली की सगळ्या थक्क झाल्या. वरून निळा, खालून लाल, आणि पाठीवर तीन पांढरे तारे. सुलभा म्हणाली, "पोरीला संस्कार बघा कसे आहेत. हस्त नक्षत्र म्हणून तारेसुद्धा काढलेत." आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पाटावर उभा केला आणि फेर धरला.

तेवढ्यात रस्त्याने गावच्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर चालला होता. विचारलं, फोटो काढू का? आम्ही म्हटलं, काढा की. त्याला शंकरपाळेही दिले.

काल पेपर आला. पहिल्या पानावर आमचा फेर, मधोमध हत्ती, आणि खाली ठळक अक्षरांत: "भारतीय महिलांचा रिपब्लिकन हत्तीभोवती जल्लोष." त्याखाली बारीक अक्षरांत, घरमालकीण शरयू, फ्रेंड्स ऑफ द मेडोच्या सेक्रेटरी.

मी दीपाला बोलावलं. ती म्हणाली, "मॉम, यू सेड एलिफंट. मी सोशल स्टडीजच्या बुकातून ट्रेस केला. दॅट्स द ओन्ली एलिफंट इन द हाउस." तिचं काय चुकलं? तिच्या पुस्तकात हत्ती तेवढाच, रिपब्लिकन पक्षाच्या निशाणीचा. आणि आम्हा पस्तीस जणींना त्या ताऱ्यांत नक्षत्र दिसलं.

विनय हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. मला मात्र हसू येत नाही. आमच्या पाणथळीच्या मंडळाच्या अध्यक्षा फ्लॉरेन्सबाई, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, नियमाच्या फार कडक आहेत. समितीतल्या माणसाने शिफारस नसलेल्या उमेदवाराचा उघड प्रचार केला तर त्याने पद सोडायचं, असा नियम आहे, आणि तो मीच टाइप केलाय. रोझबाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, दुखावल्या, ते जास्त वाईट. "शरयू, आय थॉट वी वेअर फ्रेंड्स." आठ तारखेला बैठक आहे. तिथे मला काढलं तर निघेन, पण लोक म्हणतील मंडळातच फूट आहे, आणि प्रश्न दोन त्यात बुडेल. महिन्यावर मतदान आलंय. एका हत्तीपायी माझा बगळा जायचा.

काय करू ते सांग. थट्टा नंतर कर.

शरू

नोव्हाय
५ ऑक्टोबर १९८७

शरू,

थट्टा नंतर करायला सांगितलीस म्हणून पहिल्या परिच्छेदात करत नाही.

आता करतो. लतेला पत्र वाचून दाखवलं. मी "आणि पाठीवर तीन" इथपर्यंत आलो आणि तिच्या नाकातून ताक आलं.

आता कामाचं बोलू. हस्तात तारे पाच असतात, तीन नव्हे. हाताची बोटं पाच, म्हणून हस्त. आत्या आपल्याला गच्चीवर झोपवून मोजायला लावायची, विसरलीस? एवढ्या पस्तीस सुगरणी जमल्या आणि एकीने बोटं मोजली नाहीत. मंडळाला हेच सांग: तो आमचा हत्ती नव्हताच, आमच्या हत्तीला दोन तारे जास्त असतात. बैठकीला पाट घेऊन जा. हत्तीचा पुठ्ठाही ने. लपवलंस की संशय वाढतो. आमच्याकडे तुटलेला भाग टेबलावर ठेवल्याशिवाय कुणी कुणाचं ऐकत नाही.

आणि हो, परवा लतेने फोनवर तुला त्या साप्ताहिकाचा पत्ता विचारला. तो सहज विचारला होता. फार विचार करू नकोस.

दिगू

पार्सिपनी
१२ ऑक्टोबर १९८७

ती. दिगूदादा,

तू सांगितल्याप्रमाणे पाट नेला, पुठ्ठा नेला, हळदकुंकू लागलेलं होतं तसंच. उभी राहिले आणि सांगायला लागले, की हा पावसाचा हत्ती, त्याचं नक्षत्र हस्त. तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हे तर कालच्या पेपरात आलंय," आणि त्यांनी वाचूनच दाखवलं. संपादकांना पत्र. "महाशय, तुमच्या अंकातला हत्ती रिपब्लिकन पक्षाहून निदान काही शतकांनी वडील आहे. तो मतं मागत नाही, पाऊस आणतो. त्याला पाच तारे असतात. तीन ताऱ्यांचा हत्ती हा उत्पादनातला दोष समजावा आणि कारखान्यात परत पाठवावा." खाली आपला विश्वासू, डी. जी., नोव्हाय, मिशिगन.

सगळी खोली हसली. फ्लॉरेन्सबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "हा माणूस कोण आहे?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पण तो गिअरबॉक्स करत असावा.

मला ठेवलं. अट एकच घातली: पुढच्या भोंडल्याला दोन्ही उमेदवारांना बोलवायचं, म्हणजे न्याय सारखा. हस्त संपायच्या आत आमचा एक भोंडला उरलाच होता, परवाच्या शनिवारी. रोझबाईंची दुसरीकडे सभा होती, त्यांनी फुलं पाठवली. ह्यूस मात्र आले. टाय लावून, बायकोला घेऊन, आणि आल्या आल्या म्हणाले, "व्हेअर इज माय एलिफंट?" दीपाने नवा काढला होता, करडा, पाच ताऱ्यांचा, सोंड वर. ते जरा हिरमुसले. मग त्यांनाही फेरात घेतलं. माणूस हार्डवेअरचा, पाय अगदी लाकडी, पण सोडून गेला नाही. खिरापत ओळखायची वेळ आली. मी झाकलेला डबा कानाशी वाजवला. सगळ्या ओरडताहेत, चिवडा, चकली, आणि हे अगदी गंभीरपणे म्हणतात, "हाफ-इंच वॉशर्स." होते शंकरपाळे. पहिल्या भोंडल्याचा उरलेला मैदा संपवायचा होता.

मी त्यांना सरळ सांगितलं, "मिस्टर ह्यूस, माझं मत रोझला आहे. जेवायला वाढलं म्हणून गैरसमज नको." ते म्हणाले, "फेअर इनफ. कॅन आय हॅव सम मोअर?"

मग त्यांनी विचारलं, हत्ती पाऊस आणतो, तर पाऊस जातो कुठे? मी त्यांना मागच्या दाराने पाणथळीवर नेलं. म्हटलं, इथे येतो. ही जागा पाणी धरते म्हणून खालचा बाजार कोरडा राहतो. इथे डांबर घातलं की ते पाणी तुमच्या दुकानाकडे निघणार.  तीन वर्षांपूर्वीच्या पुरात त्यांनी दुकानातले पाणी उपसायचे सगळे पंप एका दिवसात विकले होते, आणि त्यांच्या स्वतःच्या तळघरात कमरेएवढं पाणी, उपसायला पंप एकही शिल्लक नाही. हे त्यांच्या बायकोने सांगितलं. त्यांनी नाही.

आज सकाळी त्यांनी प्रश्नावली आणून दिली. महिनाभर उशिरा, पेन्सिलीने भरलेली. अकराव्या उत्तरात लिहिलंय, "बगळ्यांविषयी मला मत नाही. पाण्याविषयी आहे." शिफारस रोझबाईंचीच राहिली, कारण उत्तरं वेळेवर देणाऱ्याचीच करायची हा नियम आहे. पण ह्यूसनी दुकानाच्या काचेवर रंगवून घेतलंय: "प्रश्न दोनला होय." गावातला प्रत्येक माणूस खिळ्यासाठी तिथे जातो, दादा.

डी. जी. यांना माझा नमस्कार सांग.

शरू

नोव्हाय
१७ ऑक्टोबर १९८७

शरू,

कोण डी. जी., मी ओळखत नाही. मिशिगनात गुप्ते, गोखले, गद्रे पुष्कळ आहेत. पण गृहस्थाला भाषा बरी येते असं दिसतं.

एक विचारायचं राहिलं. फोटोत पस्तीस जणी होत्या. त्यातल्या मत देऊ शकतात किती?

दिगू

पार्सिपनी
५ नोव्हेंबर १९८७

ती. दिगूदादा,

जिंकलो. प्रश्न दोन नऊ मतांनी पास झाला. नऊ. दोनदा मोजलं, नऊच. मी मतदान यंत्राच्या पडद्याआड उभी राहिले आणि खटका ओढला. बाहेर आले तर दीपाने विचारलं, "मॉम, आर यू क्राइंग ओव्हर अ स्वॉम्प?" मी हो म्हटलं.

आम्ही शिफारस केलेल्या रोझबाई पडल्या, शिफारस न केलेले ह्यूस निवडून आले. त्यातही गंमत अशी, की रोझबाईंनी मला मिठी मारली आणि ह्यूस म्हणाले, पहिल्या मीटिंगला तुम्ही हवेत, पाण्याचं मला नीट सांगता येत नाही. फ्लॉरेन्सबाईंनी मंडळासाठी नवा नियम केलाय: समितीच्या घरी काढलेल्या प्राण्यांचे तारे आधी मोजून घ्यावेत. तो मीच टाइप केला.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मला लाज वाटत होती, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. पस्तीस जणींपैकी मत देऊ शकणाऱ्या सहा. चौघींचे नवरेही नागरिक आहेत. आपली मतं दहा. मी प्रत्येकीच्या घरी जाऊन आले होते, आणि "बघू" म्हणणाऱ्यांचा बसस्टॉपपर्यंत पिच्छा सोडला नाही. बाकीच्यांनी कार्डं वाटली, पाकिटं चिकटवली, उन्हात उभ्या राहिल्या. पद्मजा मतदानाच्या दिवशी आम्हाला गाडीतून नेत-आणत होती. स्वतः गाडीतच बसून राहिली. "तुम्ही जाऊन या, मी पाहुणी आहे," असं हसत म्हणाली. ते हसणं मला सोसवलं नाही.

नऊचा फरक आणि आपली दहा. हा हिशेब मी कुणाला सांगितला नाही, तुला सांगतेय.

आज सकाळी बगळा आला होता. त्याला काही फरक पडलेला दिसला नाही.

शरू

नोव्हाय
२९ नोव्हेंबर १९८७

चि. शरू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवताना मी आमटीत दोनदा मीठ घातलं, असं लता म्हणते. मला आठवत नाही. नऊ आणि दहा डोक्यात घोळत होतं.

आमच्या इथे पुढच्या वर्षी नदीकाठाबद्दल असाच एक प्रश्न येतोय. मी त्यावर कॅन्टीनमध्ये तासभर तावातावाने बोललो. कुणीतरी विचारलं, "सो हाउ विल यू व्होट, डिग?" मी म्हटलं, मी व्होट करत नाही. तो म्हणाला, "देन व्हॉट आर वी टॉकिंग अबाउट?" त्याने वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं. मीही घरी येईपर्यंत वाईट वाटून घेतलं नाही.

मग अण्णांना पत्र लिहिलं. तुझी सगळी हकीकत कळवली, हत्तीसकट, आणि शेवटी माझ्या वचनाचा विषय काढला. काल त्यांचं उत्तर आलं. ऐंशीव्या वर्षीही अक्षर मोत्यासारखं आहे. तुझा एकनाथमामा काय म्हणतो ते तसंच उतरवतो:

"तू परत येशील म्हणून मी वचन घेतलं होतं. तू वचन पाळलंस आणि आला मात्र नाहीस. अठरा वर्षं ज्या गावचं पाणी पितोस त्या पाण्याविषयी तुला बोलता येत नसेल तर तू तिथे पाहुणा आहेस, आणि पाहुण्याने इतके दिवस राहू नये. एकतर घरी ये, नाहीतर तिथल्या घरचा हो. मला दोन्ही चालेल. शरूच्या हत्तीचा फोटो पाठव."

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि मग लतेला मोठ्याने वाचून दाखवलं. 

पुढे काय केलं ते सांगत नाही. डबा वाजवतो, तू ओळख. भोंडला संपला असला तरी चालेल. एवढं सांगतो, की माझं पहिलं मत तुझ्या पक्षीप्रेमी मंडळींच्या विरुद्ध जाण्याची दाट शक्यता आहे. कागद कोपऱ्यात जरा मळलाय. गिअरबॉक्सचं वंगण असेल, मनावर घेऊ नकोस.

तुझा,
दिगू

पार्सिपनी
४ डिसेंबर १९८७

दिगूदादा,

खिरापत ओळखली. वंगणाला बोटाच्या रेषा नसतात.

कोपऱ्यातला तो ठसा विनयला दाखवला, दीपाला दाखवला, मग खिडकीशी नेऊन बगळ्यालाही दाखवला. पद्मजाला दाखवला तेव्हा तिने माझ्याकडे पोलीस चौकीचा पत्ता मागितला.

माझ्या विरुद्ध मत दे, खुशाल दे. पण शाई जाईपर्यंत कणीक मळू नकोस, आणि मळलीसच तर लतावहिनीला सांग, तीन दिवस त्या पोळ्या तुलाच वाढायच्या.

शरू